भरतीचा माणूस

सुपारी एकवीस माणसांची असायची,
वाजवणारे चौदा.
उरलेल्या सातांत मी.
हनीफमास्तर टोपी माझ्या कानांपर्यंत ओढून सांगायचे,
"गाल फुगव. बोटं हलव. फुंकू नकोस."

माझ्या कॉर्नेटला मधली कळच नव्हती.
तिथे बुधा उन्हवणेनं
सरबताच्या बाटलीचं बूच ठोकून बसवलं होतं.
लांबून कळत नसे.
लांबून आम्ही एकवीसही वाजत होतो.

माघात पहाटेच्या वरातीला
गोदेवरून असा गारठा यायचा
की पितळाला टेकलेले ओठ
सालीसकट सुटायचे.
खऱ्यांचे.
तेव्हा मला माझ्या मुकेपणाचं बरं वाटे,
थोडंसंच.

वैशाखात दिवसाला तीन नवरदेव,
घोडी मात्र एकच, रुपा नावाची,
तिला आमची सगळी गाणी पाठ;
सिरील क्लॅरिनेटवर एखादी ओळ गाळायचा
आणि ती जागच्या जागी थांबायची.
रंगपंचमीला रहाडीपाशी वाजवून आलो
की पांढऱ्या पँटी तीन धुण्यांनंतरही गुलाबी,
त्याच घालून एकदा शरणपूरला
एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या मयताला उभे राहिलो.
कुणी काही बोललं नाही.
तिच्या मुलानं पाकीट दिलं, वर चहा दिला.

मग देव झोपायचे, आणि आमचा गाळाही.
चार महिने मुहूर्त नाहीत.
बुधा द्वारकेला पंक्चर काढायचा,
सिरील बेकरीत रात्रपाळी,
मास्तर दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीला,
परत यायचे ते बोटांवर बारीक चिरा घेऊन.
वाद्यं चिंच नि राखेनं घासून गोधड्यांत गुंडाळायचं काम
भरतीच्या पोरांचं.
मी बूच काढून आत अंगठा घालायचो.
अंगठा थेट आत.

त्या वर्षी देवळाली कॅम्पात स्पर्धा होती.
मैदानावर चुन्याची रेघ,
परीक्षक एक निवृत्त सुभेदार, मफलर बांधलेले.
आमची चाल झाली, बरी झाली.
मग ते रांगेसमोरून चालत आले
आणि म्हणाले, "एकेकानं. एकच सूर."

सिरीलनं दिला.
मास्तरांचा भाऊ करीम, त्यानं दिला.
युफोनियमवाला पगारे घसा खाकरला, मग दिला.
मी मास्तरांकडे पाहिलं.
मास्तर नांदूरच्या दिशेनं आभाळात
काहीतरी शोधत होते.

मी फुंकलं.
बूच उडालं
आणि सुभेदारांच्या बुटापाशी जाऊन
दोनदा गोल फिरलं.

त्यांनी ते उचललं, हुंगलं.
"लिंबू?" म्हणाले.
"संत्रं," मी म्हणालो.
बूच माझ्या तळहातावर ठेवून
ते पुढच्याकडे वळले, जो खुळखुळा घेऊन उभा होता
आणि ज्याला तोही धड हलवता येत नव्हता.

तीन बँडांत आम्ही तिसरे.
प्रत्येकी एक स्टीलचा पेला,
मोजून एकवीस.
बसमध्ये सगळे गप्प. पेले एकमेकांवर आपटत होते,
बिटको चौकाच्या वळणावर जरा जास्तच.
उतरताना मास्तर म्हणाले,
"उद्या सहाला ये. आणि ते बूच फेकून दे."
मी सहाला गेलो.
बूच फेकलं नाही.

आता सुपारी नऊची मिळते, तीही मिळाली तर.
भिंतीएवढे डीजे पुढे जातात
तेव्हा आम्ही कडेला थांबून कानात बोटं घालतो,
आम्ही, ज्यांच्यासाठी लोक घालायचे.
कुणी विचारतं, चारपाच पोरं उभी करा ना,
फोटोत भरल्यासारखं दिसेल.
मी म्हणतो, नऊच.
मग रात्री हिशेब करताना वाटतं,
पोरांना दीडशे रुपये तरी मिळाले असते.
मला तेव्हा बारा मिळायचे. आणि जेवण.

मास्तरांची नात शाळा सुटली की
दप्तरासकट गाळ्यात येते.
कॉर्नेटला मालेगावहून आणलेली कळ बसवली आहे,
जरा अडकते, तेल मागते.
ती फुंकते.
म्हैस चिखलात रुतल्यासारखा आवाज येतो.
समोरचा शिंपी
मशीन थांबवतो,
आमच्याकडे बघत
खिडकी लावून घेतो.
"परत," मी म्हणतो.